बिल्ला, चपरास आणि लिलांव
(खालापूर-कर्जत प्रांतांतील एका पितळी तुकड्याच्या निमित्तानें)

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या अखेरीस, आमच्या हाताखालीं शिकलेल्या व सध्यां मुंबईस नोकरीस असलेल्या एका विद्यार्थ्यानें आम्हांस आपल्या मोबाईलवर एक चित्र दाखविलें. पितळेचा लंबवर्तुळाकार बिल्ला; वर इंग्रजी लिपींत जी. आय. पी. आर. हीं अक्षरें, मध्यें तीन आंकडी क्रमांक, दोहों बाजूंस पट्टा ओंवण्याचीं भोंकें. खालीं विक्रेत्याची टीप होती कीं, हा भोर घाटांतील हमालाचा दुर्मिळ बिल्ला असून तो सन १८६३ चा आहे. हल्लीं ज्यास ऑनलाईन लिलांव म्हणतात त्यांत तो मांडिला होता, आणि बोलीची मुदत संपण्यास नऊ दिवस उरले होते.

विद्यार्थ्याचें म्हणणें असें कीं, पळसदरीच्या बाजूस त्याच्या गांवीं एका कुटुंबांत पूर्वीं कर्जत स्टेशनावर हमाली करणारा एक पुरुष होऊन गेला. त्याचा बिल्ला धाकट्या नातवानें भंगारवाल्यास घातला. तोच हा असावा असा घरच्या मंडळींचा संशय आहे. तो तोच कीं नव्हे हें ठरवून द्यावें एवढीच त्यांची विनंति. प्रश्न लहान दिसला म्हणून आम्हीं तो हातीं घेतला. घेतल्यावर तो लहान नाहीं असें आढळून आलें, म्हणून ही हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

बिल्ल्यांची अशी विक्री एकट्या आपल्याकडेच चालते असें नव्हे. अमेरिकेंतील विद्यापीठांतून ग्रीक अक्षरांचीं नांवें धारण करणारीं बंधुमंडळें व भगिनीमंडळें आहेत. त्यांतील आद्य संस्था फाय बीटा कॅपा ही व्हर्जिनियांतील विल्यम अँड मेरी कॉलेजांत ५ डिसेंबर १७७६ रोजीं निघाली. स्त्रियांचें कॅपा अल्फा थीटा हें मंडळ १८७० त इंडियाना प्रांतीं स्थापन झालें. दीक्षा झाली कीं सभासदास बिल्ला मिळतो. तो बहुधा सोन्याचा, कित्येकदां मोत्यांनीं मढविलेला, व पाठीवर धारकाचें नांव कोरलेला असतो. यांपैकीं कित्येक मंडळांचा नियम असा कीं, बिल्ला सभासदाकडे केवळ हयातीपुरता असावयाचा, मालकी मंडळाची. परंतु धारक वारला, वारसांस त्या अक्षरांचा अर्थ ठाऊक नाहीं, सोन्याचा भाव मात्र ठाऊक आहे, असें झालें कीं बिल्ला सराफाकडे किंवा लिलांवांत जातो. मग त्या मंडळाच्या सभासद स्त्रियाच वर्गणी काढून आपल्या अपरिचित भगिनींचे बिल्ले बोली लावून सोडवून आणतात. आपलीच वस्तु आपण विकत घ्यावयाची, यांतील विपरीतपणा त्यांस जाणवत नाहीं असें नाहीं. पण सोनें एकदां मुशींत गेलें म्हणजे नांव परत येत नाहीं.

संस्कृत वाङ्मयाशीं परिचय असलेल्यांस या प्रकारांत नवें कांहीं वाटणार नाहीं. शाकुंतलाच्या सहाव्या अंकाचा प्रवेशक आठवावा. शक्रावतार येथील कोळ्यास रोहित मत्स्याच्या पोटांत राजनामांकित अंगठी सांपडते. ती तो बाजारांत विकावयास दाखवितो. सूचक व जानुक हे दोन शिपाई त्यास बांधून नागरकापुढें उभा करतात. त्यांस एकच गोष्ट कळते, कीं हें नांव या माणसाचें नव्हे. कोळ्यानें अंगठी मुकाट्यानें वितळवून विकली असती तर त्याच्यावर प्रसंग आला नसता, पण दुष्यंतास शकुंतलाही आठवली नसती. राजानें अंगठीच्या मोलाइतकें द्रव्य देऊन त्यास सोडल्यावर त्यांतील अर्धें शिपायांनींच घेतलें, व सर्व मंडळी मिळून गुत्त्याकडे वळली. ती दलाली आजही चालू आहे, फक्त गुत्त्याचें स्थळ बदललें! मुद्राराक्षसांत तर सगळें नाटकच अंगठीवर उभें आहे. चंदनदासाच्या घरीं राक्षसाच्या पत्नीच्या बोटांतून ती निसटते, यमपट घेऊन हिंडणारा हेर निपुणक ती चाणक्यास नेऊन देतो, आणि त्या मुद्रेनें बंद केलेल्या एका कपटलेखानें मलयकेतु व राक्षस यांची फूट पडते. मुद्रा ज्याच्या हातीं त्याचा शब्द; म्हणून ती भलत्याच्या हातीं जाऊं नये, हा विचार फार जुना आहे. कौटिल्यानें मुद्राध्यक्ष नांवाचा स्वतंत्र अधिकारीच सांगितला असून एक माषक घेऊन त्यानें प्रवासाची मुद्रा द्यावी असें म्हटलें आहे.

मराठेशाहींत हाच विचार शिक्केकट्यारीच्या रूपानें दिसतो. पद दिलें कीं शिक्का व कट्यार द्यावयाची, पद काढलें कीं तीं परत घ्यावयाचीं. वस्तु धारकाच्या कमरेस असली तरी ती त्याची नव्हे, पदाची. शिक्क्यावरील अक्षरेंही एकट्या धारकाचीं नसत. ‘श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान, बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान’ या ओळींत धन्याचें नांव आधीं, चाकराचें नंतर. १५ डिसेंबर १७४९ रोजीं शाहू महाराज निवर्तले व पुढें पेशव्यांच्या शिक्क्यांत राजारामाचें नांव आलें. आपण कागदांचा काळ ठरवितांना याच फरकाचा आधार घेतों. धनी बदलला कीं शिक्का बदलतो, आणि बदलला म्हणूनच तो साक्ष देतो.

इंग्रजी अमदानींत या परंपरेचें एक धाकटें भावंड कचेऱ्यांच्या दारांत उभें राहिलें. तें म्हणजे चपरास. हा शब्द फारसी ‘चप-ओ-रास्त’ म्हणजे डावें-उजवें यावरून आला असें कोशकार सांगतात. खांद्यावरून आडव्या पट्ट्यावर किंवा कमरबंदावर बसविलेला हा पितळी पत्रा, त्यावर खात्याचें नांव. चपरास ज्याची तो चपराशी. मुंबई इलाख्यांत पितळेपेक्षां पट्ट्याकडे लोकांचें लक्ष अधिक गेलें असावें, कारण आपल्याकडे त्याच मनुष्यास ‘पट्टेवाला’ हें नांव रूढ झालें. मनुष्याचें नांव जाऊन त्याच्या अंगावरील वस्तूचें नांव त्यास चिकटलें, असा हा प्रकार. या चपराशी आज लिलांवांतून मुबलक दिसतात. संस्थानांच्या, नगरपालिकांच्या, जंगलखात्याच्या, रेल्वे कंपन्यांच्या. विकत घेणारे बहुतेक त्या भिंतीवर टांगतात.

आतां आमच्या प्रांताकडे वळूं. बोरघाटाखालचा हा मुलूख बिल्ल्यांच्या दृष्टीनें फार समृद्ध आहे, कारण येथें एकामागून एक धनी आले. कल्याणहून पळसदरीवरून खोपोलीपर्यंत जी. आय. पी. कंपनीची गाडी १८५६ त आली. वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा मार्ग १८५८ त सुरू झाला. मधला घाट मात्र उघडला १८६३ त. म्हणजे मधलीं पांच वर्षें उतारू खोपोलीस गाडींतून उतरत, जेथें नाना फडणविसांनीं बांधविलेला तलाव व महादेवाचें देऊळ आहे, आणि पालखी, डोली किंवा तट्टू करून खंडाळा गांठीत. घाटाचा मक्ता घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल १८५९ त येथें येतांच वारला व त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनें तें काम पुढें चालविलें, ही गोष्ट वाचकांस ठाऊक असेलच. पण घाट फोडणाऱ्या व पालख्या वाहणाऱ्या हजारो हातांपैकीं एकाचेंही नांव आमच्या वाचनांत आलेलें नाहीं.

यावरून विक्रेत्याच्या टिपेचा विचार करावा. १८६३ साल हें खोपोलीच्या भोयांचा व हमालांचा धंदा सुरू होण्याचें नव्हे, तो बसण्याचें साल आहे; त्या सालीं गाडी घाट चढूं लागली. टीप लिहिणाऱ्यानें घाटाचें प्रसिद्ध साल घेतलें आणि पितळेस चिकटविलें, एवढेंच. बिल्ला स्वतः काय सांगतो? जी. आय. पी. हें नांव १८४९ त कायद्यानें स्थापन झालेल्या कंपनीचें. १९२५ त सरकारनें कारभार हातीं घेतला तरी नांव तेंच राहिलें. ५ नोव्हेंबर १९५१ रोजीं मध्य रेल्वे झाली तेव्हां तें गेलें. म्हणजे अक्षरांवरून निघते ती मर्यादा शंभर वर्षांची, एका सालाची नव्हे. बिल्ल्यावर स्टेशनाचें नांव नाहीं, घाटाचें नाहीं, कामाचेंही नाहीं.

असेंच इतर बिल्ल्यांचें. ‘ठाणा’ हें नांव असलेली चपरास कर्जतेंत सांपडली तर ती बाहेरून आली असें एकदम म्हणूं नये; १८८२ च्या ग्याझेटियरांत कर्जत तालुका व त्याखालील खालापूर पेटा ठाणें जिल्ह्यांतच घातलेला आहे. पुढें हा भाग कुलाब्याकडे गेला, आणि कुलाब्याचें रायगड १९८१ त झालें. माथेरानची छोटी गाडी १९०७ ची, खोपोलीचें टाटांचें वीजघर १९१५ चें. त्यांचीं नांवें ज्या पितळेवर असतील तें त्यापूर्वींचें असूं शकत नाहीं. हें सर्व सोपें आहे, तरी लिलांवांतील टिपा वाचतांना शाळेंतील उत्तरपत्रिकांची आठवण होते. एका टिपेंत तर आम्हीं एका गुळगुळीत पत्र्यास ‘उंबरखिंडींत सांपडलेला’ म्हटलेलें पाहिलें. उंबरखिंडीची लढाई २ फेब्रुवारी १६६१ ची, कारतलबखानाशीं. आणि त्या पत्र्याच्या मागें यंत्रानें पाडलेल्या मळसूत्राचे आंटे स्पष्ट दिसत होते! आझाद दस्त्याचा बिल्ला म्हणून कोणी कांहीं विकूं लागल्यास त्याबद्दलही आमचें मन साशंक राहील. माथेरानचे भाई कोतवाल व हिराजी पाटील, जे २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडावर धारातीर्थीं पडले, त्यांचा दस्ता भूमिगत राहून विजेचे मनोरे पाडीत होता. तसल्या माणसांनीं छातीवर ओळखीची खूण मिरवावी हें संभवत नाहीं. स्वातंत्र्यसैनिकांस १९७२ त मिळालेलीं ताम्रपत्रें ही निराळी गोष्ट. त्यांवर नांव असतें, आणि म्हणूनच तीं विक्रीस आलेलीं पाहून वाईट वाटतें.

मुंबई शहरांत बंधुमंडळांचे खरेखुरे बिल्ले पाहावयाचे तर फ्रीमेसन लोकांचे. एतद्देशीयांस प्रवेश मिळावा म्हणून डॉ. जेम्स बर्न्स यांनीं ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज १८४३ त मुंबईंत काढली. पारशी गृहस्थ माणेकजी कर्सेटजी यांचा त्या खटपटीशीं निकट संबंध होता. १९६१ त हिंदुस्थानची स्वतंत्र ग्रँड लॉज झाली. या मंडळींच्या पदकांत एक भेद संग्राहकांनीं लक्षांत ठेवण्याजोगा आहे. अधिकाऱ्याच्या गळपट्ट्यास लोंबणारें चिन्ह लॉजचें, वर्ष संपलें कीं तें पुढच्याच्या गळ्यांत जावयाचें. पण मुदत पुरी केलेल्या प्रमुखास बंधूंनीं अर्पण केलेलें छातीवरचें पदक त्याचें स्वतःचें, त्याच्या नांवानिशीं. पहिलें विक्रीस आलें तर तें कोणी तरी न परतविल्यामुळें; दुसरें आलें तर वारसानें विकल्यामुळें. शिक्केकट्यार व इनाम यांत जो भेद तोच हा. चांदीचें पदक विलायती असल्यास छापांवरून साल काढतां येतें. नांगराची खूण बर्मिंगहॅमची, चित्त्याचें मुख लंडनचें, शेजारचें अक्षर वर्षाचें. पितळेच्या गरीब बिल्ल्यास ही सोय नाहीं. त्याचें साल त्याच्या घरींच शोधावें लागतें.

म्हणून आम्ही त्या घरीं गेलों. घरांत हमालाची सून, वय ऐंशीच्या पुढें, तिचे दोन मुलगे, एक भिंतीवरची तसबीर व एक डबा. तसबिरींत हमाल फलाटावर उभा असून दंडावर बिल्ला आहे. क्रमांकाचे पहिले दोन आंकडे स्पष्ट, तिसरा तीन कीं आठ हें ठरेना. भिंग लावून पाहिलें, तसबीर उन्हांत नेऊन पाहिली, कांचेंतून काढून पाहिली. कागदास तेथेंच बुरशी लागलेली. लिलांवांतील बिल्ल्याचा शेवटचा आंकडा आठ होता. त्याच खात्यांत तीनचाही एक बिल्ला सहज असूं शकतो. थोरल्या मुलाची फार इच्छा कीं आम्हीं ‘आठ’ म्हणावें. आम्हांसही तसेंच म्हणावेंसें वाटलें, हें कबूल करतों.

डब्यांतील कागदांनीं प्रश्न सोडविला. रेशनच्या चिठ्ठ्या व पावत्या यांखालीं शके १८५६ चा, म्हणजे १९३४-३५ चा, एक कर्जरोखा निघाला. मोडींत, बोरूनें घाईघाईनें लिहिलेला. व्याजाचा दर वाचून आजही अंगावर कांटा येतो. ऋणकोच्या नांवापुढें लेखकानें त्याची ओळख पटावी म्हणून गांव, जात व धंदा लिहून पुढें ‘बिल्ला नंबर’ घातला आहे, आणि तेथें आठ स्वच्छ आहे. सावकारास मनुष्याच्या नांवापेक्षां त्याच्या क्रमांकाचा भरंवसा अधिक वाटला. त्या अविश्वासानेंच नव्वद वर्षांनीं बिल्ला ओळखतां आला. घरच्यांनीं तो रोखा निरुपयोगी मोडी कागद म्हणून दोनदां टाकण्यास काढला होता. बिल्ला मोडीच्या भावानें गेला आणि मोडी कागद तेवढा राहिला.

म्हाताऱ्या बाईनें विचारलें, “गुरुजी, तो आमचाच ना?” आम्हीं होय म्हटलें. मग ती म्हणाली, “मग विकत कशाला घ्यायचा?” या प्रश्नास उत्तर देणें अवघड गेलें. कायद्यानें पाहतां बिल्ला तिचाही नव्हता. तो रेल्वेचा, काम सुटल्यावर परत द्यावयाचा. परंतु हमालांचा व्यवहार निराळा. तेथें बिल्ला म्हणजे फलाटावर भाकर मिळविण्याचा हक्क. तो बापाकडून मुलाकडे जावा अशी वहिवाट पुष्कळ स्टेशनांवर आहे, आणि एका फलाटाचे बिल्लेवाले आपल्यांत परका घुसूं देत नाहींत. २०१६ त सरकारनें त्यांस ‘सहायक’ हें नांव दिलें; बिल्ला राहिलाच. ग्रीक अक्षरांच्या मंडळांस जें बंधुत्व दीक्षाविधीनें आणावें लागतें तें येथें डोक्यावरच्या ओझ्यानें आलेलें आहे.

१९७२ च्या पुराणवस्तु व कलानिधि कायद्याचा येथें उपयोग होईल काय, हेंही आम्हीं पाहिलें. शंभर वर्षांहून जुनी वस्तु पुराणवस्तु ठरते, शास्त्रीय, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचें हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षें पुरतात. विक्रीच्या धंद्यास परवाना लागतो, परदेशीं पाठविण्याचा अधिकार सरकारचा. मौज अशी कीं, विक्रेत्याचें १८६३ साल खरें धरलें तर तोच या कायद्याच्या कक्षेंत येतो; आणि आमच्या रोख्यावरून मात्र बिल्ला १९३४-३५ त वापरांत होता एवढेंच सिद्ध होतें, शंभरी सिद्ध होत नाहीं. सरकार मोठ्या वस्तूंसाठीं पुढें येतें. नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार एप्रिल २०२५ मध्यें लंडनच्या लिलांवांत महाराष्ट्र सरकारनें सुमारें ४७ लाख रुपयांस सोडविली व ऑगस्टांत ती मुंबईस आली, हें योग्यच झालें. हमालाच्या पितळेसाठीं कोणी लंडनास जाणार नाहीं, व जाण्याची गरजही नव्हती. तें मुंबईंतच होतें.

आतां आम्हांपुढें एक पेंच आला. टीप खोटी आहे हें विक्रेत्यास कळविलें तर किंमत उतरेल, आणि उतरली तर लाभ आमच्या पक्षाचा. संशोधक म्हणून चूक दाखविणें कर्तव्य; पण त्यांत स्वार्थ मिसळला कीं तें कर्तव्य शुद्ध राहतें काय? दोन दिवस विचार करून आम्हीं विक्रेत्यास लिहिलें, आणि बिल्ला अमुक घरचा असल्याचा पुरावा आमच्याजवळ आहे हेंही त्यांत लिहिलें, म्हणजे आमचा हेतु झांकला जाऊं नये. उत्तर आलें नाहीं. टीप तशीच राहिली. शेवटच्या दिवशीं थोरल्या मुलानें आपल्या ऐपतीप्रमाणें बोली लावली. रात्रीं दहाच्या सुमारास कोणी तरी दुप्पट लावली आणि बिल्ला गेला.

घेणारे गृहस्थ कोण हें पुढें दोन महिन्यांनीं कळलें. ते आमच्याच वर्तुळांतले, या त्रैमासिकाचे जुने वाचक, रेल्वेच्या वस्तूंचे जाणते संग्राहक आहेत. आम्हीं त्यांस भेटून सर्व कागद दाखविले. त्यांनीं ते लक्षपूर्वक पाहिले, १८६३ ची टीप तत्काळ खोडली, आणि बिल्ला देण्यास नकार दिला. त्यांचें म्हणणें येथें न्यायानें नमूद केलें पाहिजे. ज्या घरानें तो एकदां भंगारांत घातला तें घर पुन्हां घालणार नाहीं याची हमी काय? त्यांच्या कपाटांत तो वितळणार नाहीं, हरवणार नाहीं. शेजारीं तसेच चाळीस बिल्ले असल्यामुळें तुलनाही होईल. हें म्हणणें पोकळ नाहीं. आम्हीं स्वतः एका संस्थेस विश्वासानें दिलेल्या तीन चपराशी पुढें कोणास दाखवितां आल्या नाहींत, तेव्हां सार्वजनिक ठिकाण म्हणजे सुरक्षित ठिकाण असें आम्हांसही म्हणवत नाहीं. तथापि त्यांच्या चाळीस बिल्ल्यांपैकीं एकाच्याही मागें मनुष्य नाहीं, आणि या एकाच्या मागें आहे. तो मनुष्य ज्या घरीं ठाऊक आहे त्या घरावाचून बिल्ल्याची तुलना करून काय निघणार, हें आमचें म्हणणें त्यांस पटलें नाहीं. मतभेद कायम आहे.

एवढें मात्र त्यांनीं केलें. आपल्या यादींत क्रमांकापुढें हमालाचें नांव, गांव व रोख्याचा शक लिहिला. बिल्ला चिंच व राख लावून घासणार नाहीं असें कबूल केलें, कारण पाठीवर कसल्याशा टोंकानें काढलेलें एक फूल आहे, त्याच्या रेघा घासण्यानें जातील. आणि आम्हांस ठसे घेऊं दिले. वाचकांपैकीं ज्यांच्याजवळ असे बिल्ले असतील त्यांनीं वजन, माप व पाठीची बाजू यांबरोबर तो कोणाकडून, कोणत्या गांवांतून आला हें विक्रेत्यास विचारून लिहून ठेवावें; विक्रेता आज सांगेल, उद्यां त्यासही आठवणार नाहीं.

बिल्ल्याचें वजन पांच तोळ्यांस किंचित् कमी भरलें. पातळ कागद वर धरून पेन्सिलीनें दोन ठसे उमटविले, पुढचा व मागचा. एक जोडी आमच्या दप्तरांत आहे. दुसरी आम्हीं पळसदरीकडे नेऊन दिली. म्हाताऱ्या बाईनें पुढच्या ठशाकडे फारसें पाहिलें नाहीं. मागचें फूल पाहून ती म्हणाली कीं तें आपल्या नवऱ्यानें लहानपणीं खिळ्यानें काढलें होतें आणि त्याबद्दल मार खाल्ला होता. आमच्या टिपणांत ही नोंद नव्हती, ती आतां घातली आहे.